स्किन अपग्रेड केली की गन जास्त मारते?

इंदूरला आमच्या रामबागेतल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो, की व्हॅलोरंट या शूटिंग गेममध्ये व्हँडल या गनची स्किन (गनचं वरचं रूप) रेडियनाइट (अपग्रेडसाठीचे गेममधले पॉइंट) घालून फुल अपग्रेड केली की डॅमेज वाढतो अन् रिकॉइल (गोळी सुटताना गनला बसणारा झटका) कमी होतो.

तसं नाहीये रे. अपग्रेडने इफेक्ट, आवाज, ॲनिमेशन, फिनिशर (शेवटचा गडी मारल्यावर दिसणारा देखावा) आणि रंग मिळतात, बस. साधी व्हँडल असो की फुल अपग्रेडवाली, डॅमेज डोक्याला 160, अंगाला 40, रिलोड अडीच सेकंद. हा समज आला कुठून तेही कळतं, फ्री फायर या दुसऱ्या गेममध्ये गनच्या स्किनला खरोखरच डॅमेज-रिलोडचे आकडे असतात, तिथून आलेल्याला इथेही तसंच वाटणार. शिवाय नवा आवाज कानाला भारी लागतो, म्हणून गोळी नीट बसल्यासारखी वाटते.

स्वतः बघा ना. गेममधल्या सरावाच्या रेंजमध्ये जा, भिंतीवर एकाच जागेवरून पूर्ण 25 गोळ्या सोडा, मग स्किन बदलून परत तेच, पाच-सहा वेळा तरी करा कारण स्प्रे (सलग सोडलेल्या गोळ्यांचा मारा) थोडा इकडेतिकडे जातोच, आणि रिलोडचा मोबाईलवर व्हिडिओ काढून सेकंद मोजा, हात वेगळा फिरताना दिसेल पण वेळ तेवढाच. स्किन आवडली तर जरूर घ्या, पण रँक वाढेल म्हणून आईकडे पैसे मागू नका.