तोफेची दारू आणि चित्रपटाची फीत

पहिल्या महायुद्धावरच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या १९३० सालच्या चित्रपटात काटेरी तारेपर्यंत पोहोचलेला एक सैनिक स्फोटाच्या धुरात दिसेनासा होतो आणि धूर विरल्यावर तारेला घट्ट धरलेले दोन तुटलेले हात तेवढे उरतात. दिग्दर्शक लुईस माइलस्टोन यांनी हे दृश्य क्षणभरच ठेवले आहे, त्यामुळे प्रत पुसट असेल तर ते हात डोळ्यांतून सहज निसटतात. शिक्षकाच्या भाषणाने भारावून वर्गातून थेट सैन्यात गेलेल्या मुलांचा भ्रमनिरास अशा बारकाव्यांतूनच उभा राहतो. युनिव्हर्सल कंपनीने आपल्या शताब्दी वर्षात, २०१२ मध्ये, हा चित्रपट डिजिटल पद्धतीने स्वच्छ करून घरी पाहण्यासाठी ब्लू-रेवर आणला. पण तोवर त्याचे टिकून राहणे मुळीच गृहीत धरण्याजोगे नव्हते.

त्या काळच्या फिल्मची पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून हा पदार्थ मिळतो. त्यात नायट्रोजनचे प्रमाण जास्त ठेवले तर गनकॉटन तयार होते, आणि महायुद्धात तोफगोळे फेकणाऱ्या निर्धूर दारूचा तो मुख्य घटक होता. प्रमाण थोडे कमी ठेवून त्यात कापूर मिसळला की लवचिक, पारदर्शक फीत मिळते. म्हणजे पडद्यावर ज्या माऱ्याखाली ही मुले मरतात, त्यामागची दारू आणि त्यांची कथा टिपणारी फीत एकाच कुळातली आहेत. मला ही गोष्ट विलक्षण अस्वस्थ करणारी वाटते.

या कुळाचा गुण असा, की ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन रेणूतच असल्याने पेटलेली फिल्म पाण्याखालीही जळत राहते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत भारतीय चित्रपटांचा मोलाचा ठेवा गेला, ही आपल्याकडची न भरून येणारी हानी आहे. आग न लागताही ऱ्हास चालूच असतो: फितीतून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, हवेतील ओलाव्याशी त्यांचे आम्ल बनते आणि ते आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते. प्रतिमा घडवणारे चांदीचे कण फिकटतात, फीत मधासारखी चिकट होते आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी उरते.

या चित्रपटाला माणसांचीही कात्री लागली. जर्मनीत नाझींनी प्रयोग उधळले, डिसेंबर १९३० मध्ये त्यावर बंदी आली, आणि इतरत्रही पुढच्या पुनर्प्रदर्शनांत बरीच काटछाट झाली. सुदैवाने, बोलपटाची यंत्रणा नसलेल्या चित्रगृहांसाठी त्याची मूक आवृत्तीही काढलेली होती आणि तीही आज उपलब्ध आहे.

जुनी फिल्म स्कॅन करताना अनेकदा ती एका द्रवातून नेतात. द्रवाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवला जातो त्याचे माप) फितीच्या अपवर्तनांकाशी जुळत असल्याने ओरखड्यांवर प्रकाश विखुरत नाही आणि वरवरचे चरे चित्रात उमटत नाहीत. उरलेले डाग संगणकावर एकेका चौकटीतून, म्हणजे फितीवरच्या एकेका चित्रातून, काढावे लागतात. सव्वादोन तासांच्या चित्रपटात अशा सुमारे एक लाख नव्वद हजार चौकटी येतात. मात्र ही सफाई अती झाली, तर डागांबरोबर चांदीचे कणही पुसले जातात आणि सैनिकांचे चिखलाने माखलेले चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसू लागतात. म्हणून स्कॅन झाल्यावरही मूळ फिल्म टाकून देत नाहीत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या व्हर्जिनियातील कोठारांत नायट्रेट फिल्म सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात आणि ३० टक्के आर्द्रतेत ठेवतात. त्याने विघटन थांबत नाही, पण त्याचा वेग बराच कमी होतो.