पाऊस नाही, तरी पालवी

‘उन्हाळ्यात जंगलात काय बघायचं? सगळं वाळलेलं. पावसाळ्यात जा.’ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मार्चमध्ये जायला निघालो की हे हमखास ऐकू येतं. तिथे माझी एक ठरलेली जागा आहे. कान्हेरीच्या बाजूचा एक ओढा, काठावर कोशिंब आणि ऐन ही झाडं, वर चढावर कांडोळाचं झाड. दर पंधरा दिवसांनी जायचं, तेवढंच बघायचं आणि तारखेसकट वहीत लिहायचं, असा माझा नेम.

मार्चअखेर ओढा कोरडा ठणठणीत असतो. पाऊस ऑक्टोबरातच गेलेला. आणि नेमका तेव्हा कोशिंब लालबुंद पालवीने भरतो. पानं इतकी कोवळी, की ओल्या रेशमासारखी खाली लोंबतात. हे पाणी आलं कुठून?

उत्तर पानगळीत आहे. पानगळ म्हणजे पान वाळून पडणं नव्हे. पावसाळ्यात मोडलेली फांदी बघा. तिची पानं वाळून तपकिरी होतात, पण महिनोन्महिने चिकटून राहतात, कारण पान गाळायला फांदी जिवंत असावी लागते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. पानाकडून येणारं ऑक्झिन हे संप्रेरक कमी झालं, की हा थर इथिलीन या दुसऱ्या, वायुरूप संप्रेरकाला दाद देऊ लागतो. मग पेशींना डिंकासारखं सांधणारं पेक्टिन विकरं (एन्झाइम) विरघळवतात आणि पान आपल्याच वजनाने सुटतं. मागच्या व्रणावर बुचासारखं आवरण चढतं.

पानं गेली की बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफेने पाणी जाणं, जवळजवळ थांबतं. खोल मुळांशी मात्र अजून ओल असते. पाणी जास्त जलविभवाकडून (पाण्याच्या ऊर्जेच्या पातळीकडून) कमीकडे जातं; खोडाचं जलविभव त्या ओल्या मातीपेक्षा कमी असेल तोवर ते वर चढत राहतं. खर्च नाही, नुसती जमा. खोडाचा घेर काटेकोर मोजला तर पावसाचा थेंब नसतानाही तो किंचित वाढलेला सापडतो. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलांत वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्फ बोर्चर्ट यांनी हा पाण्याचा हिशेब वर्षानुवर्षं तपासला. पेशी पाण्याने टरारल्या की कळ्या उमलायला मोकळ्या. त्यातच दिवस मोठा होत असतो आणि काही झाडं तोही इशारा ओळखतात.

पण पावसाआधीच घाई कशाला? के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या, तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलाच्या अभ्यासात दिसलं, की पावसाआधी फुटलेली पालवी किड्यांनी कमी खाल्ली. पावसाबरोबर किडे वाढतात, तोवर ही पानं निबर झालेली असतात.

चढावरच्या कांडोळाला लोक भुताचं झाड म्हणतात. भूतबीत काही नाही. पानं गाळलेल्या झाडाची पांढरी, गुळगुळीत साल चांदण्यात उजळते, एवढंच. तसंच ‘पळस वेळेआधी फुलला, हवामान बिघडलं’ या दरवर्षीच्या बातमीचं. हवामानबदल खरा आहे, पण एका झाडाच्या एका वर्षावरून तो सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच झाडाच्या अनेक वर्षांच्या तारखा लागतात.

ऐन अजून उघडाच आहे. पण फांदीच्या टोकाची कळी गेल्या खेपेपेक्षा फुगलेली वाटली. पुढच्या फेरीला पट्टी घेऊन जाणार आहे.