मॅट बदलून खरखर जात नाही

नागपूरच्या इतवारी बाजारात जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड हातात घेतली की शेजारचा कोणीतरी सांगतोच, "खरखरते ना? जाड रबरी मॅट टाका भाऊ, आवाज एकदम साफ येते." मॅट म्हणजे प्लेअरच्या फिरत्या थाळीवर, रेकॉर्डखाली टाकायची चकती. कित्येक वर्षं फिरत असलेला हा सल्ला चुकीचा आहे.

खरखर बहुतेकदा खाचेतल्या धुळीची असते, नाहीतर खाचच झिजलेली असते. सुई फिरते वरून, मॅट असते खाली. तिचं काम रेकॉर्ड घसरू न देणं आणि धातूच्या थाळीचा ठणठणाट थोडा दाबणं, बस्स. उलट जाड मॅटमुळे रेकॉर्ड उचलली जाते, सुईचा कोन बदलतो आणि टोनआर्मची, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याची, उंची पुन्हा जुळवावी लागते. फेल्टची (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाची) मॅट तर आपल्याकडच्या कोरड्या हवेत स्थिर विजेने रेकॉर्डलाच चिकटून वर येते.

स्वस्तातल्या रेकॉर्डला आधी आंघोळ घाला: डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, हात खाचेच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट अजिबात नको, लाख विरघळते. माझ्या ढिगातल्या बऱ्याच रेकॉर्डी एवढ्यानेच बोलू लागल्या. धुऊनही कुरकुरतात त्या झिजलेल्या, त्यांचा नाद सोडा. आणि हो, मे महिन्यात रेकॉर्डी गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका, पापडासारख्या वाकतात.