योगदानकर्त्याची टिकाऊ ईमेल-ओळख

मुक्तस्रोत भांडारात (सर्वांना खुल्या कोडच्या साठ्यात) कोड देणाऱ्याने आपल्या कमिटवर, म्हणजे कोडमधील बदलाच्या नोंदीवर, वर्षानुवर्षे वापरायचा ईमेल पत्ता. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये घडवलेल्या, कोडमधील बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिट प्रणालीत प्रत्येक कमिटमध्ये लेखकाचे नाव, पत्ता आणि वेळ कोरलेली असते. कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण असलेली अक्षर-अंकांची मालिका, या मजकुरासकट कमिटमधील सगळ्या माहितीवरून निघतो. त्यामुळे जुना पत्ता मागाहून बदलला, तर त्या कमिटचा आणि त्यावर रचलेल्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो. भांडाराची प्रत घेतलेल्या सर्वांचा इतिहास मूळ भांडाराशी जुळेनासा होतो. चालत्या प्रकल्पात हे करू नये.

गोव्यात हा प्रश्न बहुधा विद्यार्थिदशेतच उभा राहतो. फर्मागुडी किंवा झुआरीनगरला शिकताना पहिला कमिट कॉलेजच्या पत्त्याने होतो; पुढे नोकरीसाठी पुणे-बंगळूर गाठले की कंपनीचा पत्ता येतो. संस्था सुटली की दोन्ही पत्ते हातचे जाऊ शकतात. नुसत्या नावावरही भिस्त ठेवता येत नाही. नाईक, गावकर, कामत ही आडनावे इथे घरोघरी, रोमन लिपीतली त्यांची रूपे अनेक, शिवाय लग्नानंतर कित्येकींचे आडनाव बदलते. म्हणून माणूस ओळखायचा तो पत्त्यावरून.

स्वतःच्या मालकीच्या डोमेनवरचा (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरचा) पत्ता सर्वांत स्वतंत्र, पण त्या डोमेनचे नूतनीकरण कधीच चुकता कामा नये. मे २०२२ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पायपीआय संग्रहातील ‘सीटीएक्स’ या पॅकेजच्या (तयार कोडच्या संचाच्या) मूळ देखभालकर्त्याचे मुदत संपलेले डोमेन दुसऱ्याने विकत घेतले, त्यावर पासवर्ड बदलून मागवला आणि पॅकेजमध्ये घातक कोड घुसवला. एवढी राखण जमणार नसेल त्याने साधा वैयक्तिक मेलबॉक्स घ्यावा, हेच शहाणपणाचे. गिट भांडारे ठेवणाऱ्या गिटहब या सेवेचा ‘नोरिप्लाय’ पत्ता खरा पत्ता झाकतो, मात्र तो त्या एका सेवेशी बांधलेला राहतो आणि त्यावर कोणी पत्र पाठवू शकत नाही.

पत्ता बदललाच, तर भांडाराच्या मुळाशी ‘मेलमॅप’ फाइल ठेवतात. तिच्यात जुन्या पत्त्यासमोर नवा लिहिला की ‘शॉर्टलॉग’ (कोणाचे कोणते कमिट), ‘ब्लेम’ (कोणती ओळ कोणाची) यांसारख्या गिटच्या आज्ञा दोन्हींचे काम एकाच व्यक्तीच्या नावे दाखवतात. हॅश मात्र जसेच्या तसे राहतात. जुना पत्ता यातून लपत नाही, तो कमिटमध्ये वाचता येतोच. गिटहबवर कमिट पत्त्यावरूनच खात्याशी जोडले जातात. म्हणून कॉलेजचा पत्ता बंद होण्याआधीच तो खात्यात घालून पडताळून घ्यावा.