मिलिमीटरभर फटीतला सूर

हाताने घडवलेली टिन व्हिसल निवडायला समोर आली की मी आधी ती वाजवत नाही. उजेडाकडे धरतो, एक डोळा मिटतो आणि तोंडात धरायच्या टोकाकडून आत बघतो. आडवी, चपटी फट दिसते. उंची जेमतेम मिलिमीटरभर. फटीच्या पलीकडे नळीला कापलेली चौकोनी खिडकी आणि खिडकीच्या लांबच्या काठावर तासलेली पातळ धार. ही धार फटीच्या नीट समोर आहे का, फटीचे काठ सरळ आहेत का, वर्कशॉपमधले लोक ज्याला ‘बर’ म्हणतात ते धातूचं बारीक कुसळ कुठे राहून गेलंय का, एवढं पाहून घेतो. व्हिसलचा बराचसा स्वभाव या दोन-चार चौरस सेंटिमीटरांत ठरलेला असतो. उरलेली लांबलचक, चकचकीत नळी डोळ्यांत भरते, पण तिचं काम त्यानंतरचं.

टिन व्हिसल म्हणजे आयरिश लोकसंगीतातलं सहा भोकांचं, उभं धरून वाजवायचं सुषिर वाद्य. नात्याने ते आपल्या अलगुजाचं भावंड. आडव्या बासरीत फुंक कुठल्या कोनात आणि किती बारीक सोडायची हे ओठ ठरवतात, ते साधायला महिनोन्महिने जातात. अलगुजात आणि व्हिसलमध्ये ते काम फटीनेच करून ठेवलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी लहान मूलसुद्धा यातून सूर काढतं. पण यातच मेख आहे. बासरी थोडी सदोष असली तर ओठ सांभाळून घेतात; व्हिसलची फट चुकली तर वाजवणाऱ्याच्या हातात फुंकीचा जोर कमी-जास्त करण्यापलीकडे फारसं काही राहत नाही. घडवणाऱ्याने जे केलं तेच शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

सूर निघतो कसा ते पाहू. फटीतून हवेचा पातळ पट्टा वेगाने बाहेर पडतो, खिडकी ओलांडतो आणि धारेवर आदळतो. तिथे तो स्थिर राहत नाही, क्षणात धारेच्या वर, क्षणात खाली असा लपलपतो. खाली गेला की नळीतल्या हवेला धक्का बसतो, नळीतली हवा उलटून त्याच पट्ट्याला हलवते, आणि दोघांची लय जुळली की सूर धरतो. सर्वांत प्रचलित व्हिसल ‘डी’ची, म्हणजे पाश्चात्त्य स्वरनावांतल्या ‘डी’ या सुराची. तिची सगळी भोकं बंद केली की हा पट्टा सेकंदाला सुमारे ५८७ वेळा हलतो. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या नळीत अर्धी ध्वनिलहर मावते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर नळी सुमारे २९ सेंटिमीटर हवी. प्रत्यक्षात धारेपासून टोकापर्यंतचं अंतर याहून थोडं कमी असतं, कारण कंपणारी हवा खिडकीतून आणि खालच्या टोकातून जराशी बाहेर डोकावते.

जोरात फुंकलं की पट्टा खिडकी लवकर ओलांडतो, दुप्पट गतीने लपलपू लागतो आणि तीच बोटं ठेवून सूर वरच्या सप्तकात उडी मारतो. ही उडी कशी लागते, हा माझ्या मते निवडीतला सर्वांत मोठा प्रश्न आहे. फटीची उंची मिलिमीटरभर असेल तर दशांश मिलिमीटरचा फरक म्हणजे दहा टक्के! खिडकी थोडी लांब झाली की खालचे सूर भरीव होतात आणि वरचे ढकलावे लागतात. आखूड झाली की वरचं सप्तक झटकन मिळतं, पण खालचा सूर जरा जोर लावताच निसटतो. नळीच्या जाडीचंही तसंच. अरुंद नळी वरच्या सुरांना सोपी, रुंद नळी खालच्यांना. म्हणजे एकाच व्हिसलमध्ये सगळं मिळत नाही. चांगला कारागीर कुठे तडजोड करायची हे कानाने ठरवतो आणि धारेवर कानस फिरवता फिरवता मधेच थांबून वाजवून बघतो.

आता धातूबद्दल. पितळ उबदार वाजतं, चांदी उजळ, लाकूड गोड, असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये हे तपासलं. चांदी, तांबं आणि लाकूड अशा तीन बासऱ्या त्यांनी घेतल्या, आतून मापाने सारख्या आणि तोंडाचा भाग एकसारखा. पडद्याआडून ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. बासरी हाताला लागू न देता वाजवायला दिली तर वादकांनाही नाही. कंपन हवेचं असतं. भिंत पुरेशी टणक आणि आतून गुळगुळीत असली की ती कशाची आहे याची हवेला फिकीर नसते. मग पितळी आणि लाकडी व्हिसल वेगळ्या का वाजतात? लाकडात भिंत जाड ठेवावी लागते, भोकं खोल होतात, कडा वेगळ्या तासल्या जातात. माप बदलतं, म्हणून आवाज बदलतो. धातूची निवड वजन, टिकाऊपणा, हाताला येणारा पितळेचा वास, कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगेल का, अशा गोष्टींसाठी जरूर करावी. आवाजासाठी म्हणून चांदीचे पैसे मोजू नयेत, असं मी मनापासून सांगतो.

या वाद्याचा इतिहासही साध्या धातूंचाच आहे. इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ मध्ये पत्रा गुंडाळून, तोंडात लाकडी बूच ठोकून व्हिसली बनवायला सुरुवात केली. निमुळत्या नळीची ती व्हिसल आजही बनते. पुढे पितळी नळी आणि प्लास्टिकच्या तोंडाच्या व्हिसली आल्या, आणि आयर्लंडमधले कित्येक मातब्बर वादक याच स्वस्त व्हिसली वाजवत मोठे झाले. त्यातली एखादी अप्रतिम निघते, तिच्या शेजारची रडते. हाताने घडवलेल्या व्हिसलला जास्त पैसे द्यायचे ते ही लॉटरी टळावी म्हणून.

मंद्र आवाजाच्या मोठ्या व्हिसलची, म्हणजे लो व्हिसलची, जन्मकथा तर थेट भारतीय बांबूपाशी येते. आयरिश वादक फिनबार फ्युरी यांची आवडती भारतीय बांबूची व्हिसल एका दौऱ्यात मोडली. इंग्लंडमधले वाद्यकारागीर बर्नार्ड ओव्हरटन यांना ती दुरुस्त करता येईना, तेव्हा दोघांनी ॲल्युमिनियमच्या नळीतून तशीच घडवायचा प्रयत्न केला. सालही नेमकं १९७१. बांबू गेला, ॲल्युमिनियम आलं आणि त्या आवाजाने आयरिश संगीतात कायमची जागा मिळवली.

व्हिसल हातात आल्यावर वाजवायचं काय? सगळी भोकं बंद करून खालचा सूर हळू धरा आणि फुंक वाढवत न्या. सूर किती वेळ तग धरतो आणि फुटतो तेव्हा स्वच्छ उडी मारतो की मधे घरघरतो, ते ऐका. मग जीभ न लावता सप्तक वर-खाली करा. वरच्या टोकाचे दोन सूर किंचाळतात का बघा. शेवटी ‘सी’ची परीक्षा: वरून पहिलं भोक उघडं, दुसरं-तिसरं बंद, बाकी उघडी. हा सूर (‘डी’ला षड्ज मानलं तर कोमल निषाद) नीट लागला तर भोकांची मापं विचारपूर्वक ठरवली आहेत असं समजावं.

बासरीवाल्यांना यात घरचीच ओळख पटेल. वरची तीन भोकं बंद ठेवून येणारा सूर षड्ज मानला, तर डीची व्हिसल म्हणजे पांढरी पाचची बासरी. सगळी बंद तो पंचम, सगळी उघडी तो तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी बासरीवर पहिलं भोक अर्धं उघडावं लागतं; व्हिसलची भोकं लहान असल्याने वर सांगितलेली बोटं तेच काम करतात.

ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, लावणार असाल तर आधी पाच मिनिटं वाजवून व्हिसल गरम करा. थंड देशात २० अंशांना जुळवलेली व्हिसल नागपूरच्या ३५ अंशांत जवळपास पाव स्वर, म्हणजे हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळपास निम्म्याने चढू शकते; नळीत आपला उबदार श्वास असतोच, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. कारण धातूचं प्रसरण नाही. त्याने नळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी वाढते आणि सूर उतरायला हवा. सूर चढतो तो गरम हवेत आवाज वेगाने धावतो म्हणून. त्यामुळे आपल्याकडे वाजवायची असेल तर तोंडाचा भाग पुढे-मागे सरकवता येणारी व्हिसलच घ्यावी. बाकी सगळं जमलं तरी ती हार्मोनियमशी जुळली नाही तर साथीला बसता येत नाही.

आणि घाई करू नका, पंधरा मिनिटं सलग वाजवा. श्वासातली वाफ गार धातूवर निवते, फटीत थेंब अडकतो आणि आवाज एकदम घोगरा होतो. खिडकीवर बोट ठेवून जोरात फुंकलं की थेंब निघून जातो. भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी फटीतून ओतून वाळू दिलं तर पाणी थेंब न धरता पसरतं आणि त्रास कमी होतो. एवढं करूनही दर दोन मिनिटांनी व्हिसलचा घसा बसत असेल, तर फट फार अरुंद आहे. ती व्हिसल दिसायला कितीही देखणी असली तरी परत द्यावी.