उभ्या गाडीत शिरणारं पाणी

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा जमाना संपला. पण खासगी पद्मिनी आणि तिच्या आधीची, १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट अजून सापडते. कुठे सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली, कुठे वाड्याच्या पडवीत. ‘आजोबांनी जपून वापरली, फार चाललीच नाही’ असं मालक अभिमानाने सांगतात. रात्रंदिवस धावलेल्या टॅक्सीपेक्षा अशा गाडीचं इंजिन चांगलं निघेल असं कुणालाही वाटेल. ते उघडल्यावर बरेचदा उलटंच दिसतं. टॅक्सीचं इंजिन झिजलेलं असतं, उभ्या गाडीचं गंजलेलं. झिजेचं गणित ठरलेलं असल्यामुळे ती दुरुस्त करणं सोपं जातं. गंज मात्र कुठपर्यंत पोचलाय ते सगळं सुटं केल्याशिवाय कळत नाही.

आधी झीज समजून घेऊ. या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. नीट चालणाऱ्या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, आपल्या बेअरिंगला, म्हणजे आधाराला, टेकलेला नसतोच, तो तेलावर तरंगतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याच्या. १८८३च्या सुमारास रेल्वेच्या डब्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करताना त्याने तेल सोडण्यासाठी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आत तेल जाण्याऐवजी तेच बाहेर उसळू लागलं. त्याने भोकात बूच ठोकलं, तेही बाहेर फेकलं गेलं. दाबमापक लावला तेव्हा काटा पार टोकाला गेला. फिरणारा शाफ्ट चिकट तेलाला स्वतःबरोबर अरुंद फटीत ओढून नेतो आणि तिथे तयार होणारा दाब सगळा भार उचलतो. ऑसबोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. आजही बेअरिंगचं डिझाइन त्याच समीकरणावर उभं आहे.

या तरंगण्याला गती लागते. पिस्टन मात्र प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो, एकदा वर आणि एकदा खाली. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. थांबण्याच्या त्या क्षणी तेलाचा पातळ थर विरतो. वरच्या टोकाला तर स्फोटाची उष्णता आणि दाबही असतो, म्हणून सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वर, जिथे पिस्टनवरची पहिली रिंग दिशा बदलते तिथे. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवल्यावर तिथल्या कडेवर नख अडकलं तर बोअर करायची वेळ आली असं समजायचं. लेथवाला सिलिंडर थोडा मोठा करतो आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा बसतात.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. बोअर केल्यावर भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवत नाहीत. होनिंगच्या दगडाने तिच्यावर मुद्दाम एकमेकांना छेदणारे तिरपे ओरखडे काढतात. त्या बारीक चरांत तेल टिकतं आणि रिंगा भिंतीशी जुळून बसतात. ओरखडेच नसतील तर तेल जळत राहतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

इंजिन उतरवण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कॉम्प्रेशन गेज सांगतं. एखाद्या सिलिंडरमध्ये दाब कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवलेली असते. फरक पडला नाही तर दोष वॉल्व्हचा, म्हणजे झडपेचा, किंवा हेडखालच्या गॅस्केटचा. एवढी स्वस्त चाचणी न करता थेट इंजिन खोलायला घेणं म्हणजे मालकाच्या पैशाचा अपव्यय आहे.

आता पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं की ते वाफ होऊन निघून जातं. गार इंजिनात त्यातलं थोडं रिंगांवरून खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. ज्वलनातून आलेल्या आम्लांसह ते बेअरिंगच्या मऊ धातूला खात बसतं. म्हणून दर रविवारी गाडी जागेवरच पाच मिनिटं चालू करून बंद करणं हा उपकार नाही. त्याने पाणी वाढतं, जात नाही. गाडी निदान अर्धा तास रस्त्यावर पळवली पाहिजे.

उभ्या इंजिनात एखादा तरी वॉल्व्ह उघडा राहतोच. त्यातून कोकणातली, मुंबईतली पावसाळी हवा थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन जिथे थांबलाय तिथे गंजाचं कडं तयार होतं. असं जाम इंजिन धक्का मारून चालू करू नये, रिंगा तुटतात. प्लग काढून पातळ तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग क्रँक हाताने अलगद मागे-पुढे हलवायचा. कूलिंगमध्येही तोच शत्रू. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये नळाचं क्षारयुक्त पाणी, म्हणजे विजेचा घटच, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. रेडिएटरमध्ये गंजरोधक कूलंट हवंच.

पेट्रोलची तऱ्हा हल्ली नवी आहे. त्यात मिसळलेलं २० टक्के इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या पंपाचा रबरी पडदा, पाइप खराब करतं. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते; जुना कार्बोरेटर हे ओळखत नाही आणि मिश्रण पातळ पडतं. रबर बदलून आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र, थोडा मोठा घेऊन हे सुधारता येतं.

सगळ्यांत जास्त काळजी ब्रेकची. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि ते रबरी होजमधून, म्हणजे नळीतून, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून हवेतलं पाणी शोषतं, गाडी चालो वा न चालो. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अपेक्षा असते. पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. याचा अर्थ बोरघाटात कळतो. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. माणसं-सामान धरून १२०० किलोची गाडी उतरताना जेवढी ऊर्जा सोडते, तेवढीत अठरा लिटर पाणी उकळीला येईल. ताशी ६० किलोमीटर वेगातली तीच गाडी पस्तीस वेळा थांबवावी, तेवढी ती ऊर्जा. या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. २५० मिलिमीटरचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. ड्रम त्याला आतून घासणाऱ्या लायनिंगपासून दूर पळतो, पेडल खोल जातं. त्यात ऑइलमधलं पाणी उकळलं तर वाफ दबते, दाब पुढे पोचतच नाही आणि पेडल फरशीला टेकतं. म्हणून घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, इंजिनाला रोखू द्यायचं.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतला विंटेज क्रमांक मिळतो. पण मग ती रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे ती जास्त उभी राहणार. अशा मालकांनी ब्रेक ऑइल किलोमीटर न मोजता दर दोन वर्षांनी बदलावं, असं माझं ठाम मत आहे. ओल्या ऑइलने चाकातला ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर आतून खड्डे पडेपर्यंत गंजतो आणि त्यावर नवं रबरी किट बसवलं तरी गळती थांबत नाही. सिलिंडर बदलावा किंवा त्यात स्लीव्ह घालून घ्यावी. इंजिन ऑइलचे थेंबही ब्रेक ऑइलमध्ये जाऊ देऊ नयेत, सगळी रबरं फुगतात. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

पेडल सोडल्यावरही एक चाक धरूनच राहिलं, तर आधी तिथला होज संशयात घ्यावा. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, मागे यायला मात्र वाट उरत नाही. सगळे होज एकदमच बदलावेत. मग सर्वांत लांबच्या, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला सुरुवात करावी आणि बाटलीत उरलेलं ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.