शिकेकाई मोरीतून बाटलीत कशी आली

हल्ली मुंबईत ‘घरगुती शाम्पू’ म्हणून जी कृती सांगितली जाते ती साधारण एकच असते. रिठे, शिकेकाई आणि आवळकाठी रात्री भिजत घालायची, सकाळी उकळायची, कुस्करून गाळायची आणि ते पाणी पंपाच्या बाटलीत भरून ठेवायचं. सोबत ‘आजीची पारंपरिक कृती’ हे शब्द हमखास येतात. जिन्नस खरेच जुने आहेत. बाटली मात्र आजीची नव्हे.

गिरगाव-दादरच्या घरांमध्ये असायची ती पूड. काष्ठौषधीच्या दुकानातून शेंगा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, सुगंधी गव्हला-कचोरा आणायचा, त्यात मेथ्या आणि घरी सुकवलेली संत्र्याची साल घालायची, सगळं कडक उन्हात वाळवायचं आणि जाडसर दळून आणायचं. दळणं हेच मोठं काम. ती धूळ नाकात गेली की गिरणीतल्या प्रत्येकाला शिंका, शिवाय पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिठाला कडवट वास. त्यामुळे पिठाच्या गिरणीवाले हात जोडतात आणि शिकेकाई दळून देणारी गिरणी वेगळी शोधावी लागते. न्हायच्या दिवशी मूठभर पूड पितळी पातेल्यात कढवायची आणि कोमट झाली की चोथ्यासकट तेल लावलेल्या डोक्याला चोळायची. लोखंडी भांड्यात उकळलं तर आवळ्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पाणी काळंकुट्ट होतं. केस काळे दिसावेत म्हणून काही जणी मुद्दाम लोखंडी कढईच घेत. डोळ्यांत गेलं की मुलं घर डोक्यावर घेत, तो भाग वेगळा.

शिकेकाई-रिठ्यांचं काम चालतं ते सॅपोनिन या द्रव्यामुळे. पाण्यात ढवळलं की ते फेसाळतं, तेलाला पाण्यात मिसळू देतं आणि मळ सुटतो. रिठ्यात ते भरपूर, म्हणून फेस रिठ्याचा. सराफ दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात आणि रेशमी साड्याही त्यातच धुतल्या जातात. सह्याद्रीच्या रानात काटेरी वेलीवर येणाऱ्या शिकेकाईचा फेस बेताचाच, पण तिचं पाणी किंचित आंबट असतं आणि केसांना ते मानवतं. साबण याच्या उलट. तो अल्कधर्मी असल्याने केस राठ होतात, आणि विहिरीच्या जड, क्षारयुक्त पाण्यात तर फेसाऐवजी चिकट साय धरते. सॅपोनिनला ही अडचण नाही.

तरी मुंबईत साबण घराघरात गेला. लालबागेत कुलुपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेजने 1918 साली प्राण्यांची चरबी न वापरता, वनस्पती तेलापासून केलेला साबण आणला आणि सोवळ्याओवळ्याची मोठी अडचण दूर झाली. 1934 मध्ये लिव्हर कंपनीचा शिवडीचा कारखाना साबण बनवू लागला. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत प्रॉक्टर अँड गँबलने ‘ड्रीन’ हा कृत्रिम डिटर्जंटवर आधारलेला शाम्पू काढला. आपल्याकडे हिंदुस्थान लिव्हरने सनसिल्क आणला तो 1964 साली. मधल्या काळात शिकेकाईनेही साबणाच्या वडीचं रूप घेतलं. म्हणजे न्हाण्याची सवय तशीच राहिली, फक्त खटपट कमी झाली.

जाहिरातींनी बायकांना भुलवलं, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. शिकेकाई मागे पडली ती मुंबईच्या घरांमुळे. 1920च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोडला उभ्या राहिलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात कोपऱ्यात मोरी, आणि पाणी यायचं ते ठरल्या वेळेलाच. चोथा केसांतून निघेपर्यंत बादल्यांमागून बादल्या पाणी लागतं आणि तो चोथा मोरीच्या जाळीत बसतो. मग मोरी तुंबली म्हणून कुरबुर कोणी ऐकायची? पुढे बायका नोकरीला लागल्या. आठ-बाराची लोकल गाठणारीने सकाळी पूड कधी कढवायची? न्हाणं रविवारावर गेलं, तिथून दिवाळीच्या अभ्यंगस्नानावर.

उरलंसुरलं काम शाम्पूच्या पुडीने, म्हणजे सॅशेने केलं, आणि तिची कल्पना मुंबईची नव्हे. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांच्या कल्पनेतून ‘वेल्वेट’ शाम्पू पुडीत आला; त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 साली वेगळा धंदा सुरू करून ‘चिक’ आणला. एका न्हाण्यापुरता शाम्पू सुट्ट्या पैशांत मिळू लागला, वाण्याच्या दुकानावर पुड्यांची तोरणं लागली आणि महिन्याची बाटली न परवडणारं घरही शाम्पू वापरू लागलं.

आता लोक परत शिकेकाईकडे वळतात तेव्हा त्यांना हवा असतो शाम्पूच: पातळ, गाळलेला, शॉवरखाली झटकन वापरता येणारा. चोथा नको. म्हणून आजची कृती ही पूड आणि पुडी यांच्यामधली तडजोड आहे. तिचा तोटा पूड वापरणाऱ्यांना कधी कळलाच नसता, कारण कोरडी पूड महिनोन्महिने टिकते. उकळून गाळलेलं पाणी मुंबईच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीच आंबूस वास धरू लागतं, फ्रिजमध्ये जेमतेम काही दिवस. बाटलीवर ‘नैसर्गिक’ लिहून ते महिनाभर टिकत असेल तर त्यात टिकवणारं काहीतरी घातलेलं असतं. तसं घालणं गैर नाही, पण मग ते सांगावं.

स्वतःपुरतं करायला कोणाची आडकाठी नाही. प्रदर्शनात टेबल मांडून विकायचं ठरवलं, की ते कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतं: 1940चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात आणि उत्पादनासाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. घरच्या गॅसवर उकळलेल्या रिठ्यालाही त्यातून सूट नाही.